पुस्तके एक, वाचणाऱ्या दोघी

नगर शहराच्या पूर्वेला, पाथर्डीच्या रस्त्यावर, डोंगरमाथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत आहे. नगरमध्ये कोणालाही विचारा, ‘चाँदबीबी महाल’ म्हणून बोट दाखवतील. पावसाळ्यात डबे घेऊन सगळे नगर तिथे जाते. आम्ही दोघी बहिणीही लहानपणापासून जात आलो. अब्बा वरच्या कमानीतून शहर दाखवायचे आणि म्हणायचे, “इथून राणी किल्ल्यावर नजर ठेवायची.”

ती इमारत चाँदबीबीची नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. मुर्तजा निजामशहाचा हा वजीर. चाँदबीबीने किल्ला लढवला त्याच्या आधीचा. हे आम्हाला कळले तेव्हा थोरली चोवीस वर्षांची होती आणि धाकटी एकवीस. म्हणजे ज्या गावात जन्मलो, त्या गावाबद्दलही आम्हाला ऐकीव माहितीपलीकडे काही ठाऊक नव्हते. त्या दिवशी घरी येऊन अब्बांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पन्नास वर्षे जातोय मी तिथे. कबर आहे म्हणता, तर पुढच्या वेळी फातेहा तरी पढू.”

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेसाठी इतिहास हा ऐच्छिक विषय आम्ही कोणताही क्लास न लावता, आपापले शिक्षण चालू ठेवून कसा अभ्यासला, ते इथे सांगत आहोत. आम्ही यशाची गोष्ट सांगायला बसलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आमच्यासारख्या घरांतून अनेक मुली-मुले याच वाटेवर आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या उपयोगी पडेल असे काही आमच्यापाशी नक्की आहे.

विज्ञानाच्या मुली, इतिहासाकडे

२०२२ च्या पावसाळ्यात आम्ही सुरुवात केली. थोरलीने बी.एस्सी. करून बी.एड.ला प्रवेश घेतला होता. धाकटी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षात होती. अब्बांचे शिलाईचे दुकान. दिल्ली-पुण्याचे क्लास आणि खोलीभाडे हा विषय घरात निघालाच नाही. तो निघण्यासारखा नव्हता.

मग इतिहासच का? धाकटीच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक दिवस मोगलांबद्दल काहीतरी आले. त्यावर वाद पेटला आणि कोणीतरी तिला थेट विचारले, “तू सांग, तुमच्यात काय शिकवतात?” तिने काहीच लिहिले नाही. रात्री ती आपाला म्हणाली, “मला राग आला म्हणून मी गप्प नव्हते. मला खरेच काही माहीत नव्हते.” आम्ही दोघींनी विज्ञान शिकलो, मार्क मिळवले, पण हजार वर्षांच्या इतिहासाबद्दल कोणी विचारले तर एकतर चिडायचे किंवा मान खाली घालायची, एवढेच आम्हाला येत होते. ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली तेव्हा दोघींनी एकाच वेळी इतिहास म्हटले.

बी.एड.च्या एका प्राध्यापकांनी ऐकून सांगितले, “दोन दगडांवर पाय ठेवू नका.” ते चुकीचे बोलले नव्हते. पण आमच्यासमोर तिसरा दगडही नव्हता. पदवी सोडून अभ्यास करणे परवडणारे नव्हते आणि अभ्यास पुढे ढकलणे म्हणजे तो कधीच न करणे, हे मुलींच्या बाबतीत सगळ्यांना ठाऊक असते.

परीक्षा नेमकी कशी आहे

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नागरी सेवा परीक्षेचे तीन टप्पे: पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत. मुख्य परीक्षेचे गुणवत्तेत धरले जाणारे गुण १७५०. त्यांतले ५०० ऐच्छिक विषयाचे, २५० चे दोन पेपर. इतिहासाच्या पहिल्या पेपरात प्राचीन आणि मध्ययुगीन भारत, दुसऱ्यात आधुनिक भारत आणि जगाचा इतिहास, म्हणजे युरोपातील ज्ञानोदयापासून सोव्हिएत संघाच्या विघटनापर्यंत.

प्रत्येक पेपरात आठ प्रश्न असतात, पाच सोडवायचे. पहिला आणि पाचवा सक्तीचा. प्रत्येक प्रश्न ५० गुणांचा आणि वेळ तीन तास. म्हणजे ५० गुणांच्या एका प्रश्नाला ३६ मिनिटे. पहिल्या पेपरातील पहिला प्रश्न नकाशाचा असतो: भारताच्या नकाशावर २० ठिकाणे खुणा करून दिलेली असतात, ती ओळखून प्रत्येकावर तीसेक शब्दांची टीप लिहायची. एका ठिकाणाला अडीच गुण.

प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत छापलेली असते, पण उत्तरे मराठीतून किंवा उर्दूतूनही लिहिता येतात. मुलींना या परीक्षेचे शुल्क नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही पूर्वपरीक्षा देता येते. पदवी मिळाल्याचा पुरावा मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या वेळी लागतो. हे सगळे आयोगाच्या संकेतस्थळावर आहे आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही तिथे फुकट मिळतात. आमचे पहिले ‘पुस्तक’ त्या प्रश्नपत्रिकाच होत्या. अब्बांच्या शेजारच्या दुकानात त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि अम्मीने सुई-दोऱ्याने त्यांची वही शिवून दिली.

सतरा तास

अभ्यासाचे वेळापत्रक आम्ही चार वेळा केले आणि चारही वेळा मोडले. पहिल्यात दिवसाला सहा तास इतिहास होता. ते आठ दिवसही टिकले नाही. धाकटीला सकाळपासून दुपारपर्यंत लेक्चर, नंतर प्रॅक्टिकल, घरी येऊन जर्नल. थोरलीला सराव पाठ, त्यांची टाचणे, तक्ते, आणि दुसऱ्या वर्षी शाळेतील इंटर्नशिप. याशिवाय घर. आमच्या घरात भाकरी आपोआप होत नाही.

शेवटी जे टिकले ते असे: फजरनंतर दीड तास, इशानंतर पाऊण तास, आणि रविवारी दुपारपर्यंत चार तास. आठवड्याचे साधारण सतरा तास. सकाळच्या वेळेत नवे वाचन, रात्री फक्त दिवसभराची उजळणी. रात्री डोळे मिटत असताना नवे काही वाचायचे नाही, हा नियम धाकटीने केला. औषधशास्त्राच्या पाठांतरातून तिला ते उमगले होते.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा ठरला. धाकटीची सेशनल किंवा सेमिस्टर परीक्षा असेल तेव्हा आणि थोरलीचे पाठ-निरीक्षण असेल तेव्हा इतिहासाचे पुस्तक कपाटात. पूर्ण बंद. सुरुवातीला आम्ही तसे करत नव्हतो. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या एका सेशनलमध्ये धाकटीला इतके कमी गुण मिळाले की तिने दोन दिवस कोणाला सांगितलेच नाही. दोन्हीकडे अर्धे-अर्धे लक्ष देण्यापेक्षा पंधरा दिवस एका बाजूला पूर्ण द्यावे आणि नंतर दुसरीकडे परत यावे, हे त्या धक्क्यातून शिकलो. परत येणे मात्र तारीख ठरवून. “परीक्षा झाली की बघू” म्हटले की महिना जातो.

२०२४ चा रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला. सहेरीनंतर फजरपर्यंतचा आणि फजरनंतरचा वेळ शांत असतो. पण तरावीहनंतर अभ्यास होईल ही आशा फोल ठरली. त्या महिन्यात आम्ही नवीन काही हाती घेतले नाही, फक्त उजळणी केली आणि कुरआनला जास्त वेळ दिला. त्याचा पश्चात्ताप नाही.

पुस्तके

क्लास नाही म्हणजे पुस्तके निवडणारा कोणी नाही. आम्ही सुरुवातीला दिसेल ते जमा केले. नंतर कमी केले आणि तीच पुन:पुन्हा वाचली. आधी एनसीईआरटीची शालेय पुस्तके, जी संकेतस्थळावर फुकट आहेत. मग प्राचीन भारतासाठी उपिंदर सिंग यांचे मोठे पुस्तक आणि रामशरण शर्मा. मध्ययुगासाठी सतीश चंद्र यांचे दोन खंड. आधुनिक भारतासाठी शेखर बंदोपाध्याय यांचे ‘फ्रॉम प्लासी टू पार्टिशन’ आणि बिपन चंद्र. जगाच्या इतिहासासाठी नॉर्मन लो. जिथे पुस्तक अपुरे पडले तिथे इग्नूचे एम.ए.चे पाठ, जे ‘ई-ज्ञानकोश’वर कोणालाही वाचता येतात.

बरीचशी पुस्तके पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतली. प्रत्येकाची एकच प्रत. त्यामुळे एकाच वेळी दोघींना एकच प्रकरण वाचता येईना. यातून जे निघाले ते आमच्या अभ्यासातले सर्वात चांगले ठरले. प्रकरणे वाटून घेतली. जिने वाचले तिने रविवारी दुसरीला शिकवायचे, पुस्तक बंद करून. थोरलीला बी.एड.मुळे शिकवण्याची सवय होत होती. धाकटी प्रत्येक राजवटीचा औषधासारखा तक्ता करायची: कशावर उपयोगी पडले, कसे काम केले, दुष्परिणाम काय. अलाउद्दीन खल्जीचे बाजारनियंत्रण तिने असे शिकवले की ते आम्ही आता विसरणे शक्य नाही. शिकवताना अडखळलो की समजायचे, इथे आपण वाचले आहे पण कळलेले नाही.

पहिल्या सहा महिन्यांत आम्ही पाच मोठ्या वह्या भरून टिपणे काढली. त्या वह्या पुन्हा कधीच उघडल्या नाहीत. पुस्तकातली वाक्ये वहीत उतरवणे हा अभ्यास नव्हे, ती फक्त अभ्यासाची समजूत असते. पुढे एका मुद्द्याला एक पान, असे ठरवले: वर प्रश्न, खाली पाच-सहा मुद्दे, इतिहासकारांची मते, आणि एक-दोन तारखा. शेवटच्या महिन्यात हीच पाने कामाला आली.

मराठीतून उत्तरे लिहायची तर आणखी एक काम असते. पुस्तके इंग्रजी, उत्तर मराठी. त्यामुळे शब्दांची वही करावी लागते. जमीनमहसूल, जहागीर, इक्ता, मनसब हे शब्द आपल्याकडे आहेतच. उलट आमच्या घरातली दख्खनी बोली इथे कामाला आली. पण युरोपातील सरंजामशाही, वसाहतवादाचे प्रकार, औद्योगिक क्रांतीचे शब्द यांसाठी मराठी विश्वकोश उघडून बसावे लागले.

प्रवरेकाठची तीन गावे

नकाशाच्या प्रश्नाला आम्ही सुरुवातीला घाबरलो. नंतर तो सगळ्या घराचा खेळ झाला. अब्बांकडे कपड्याचा खाका कापायला खाकी कागद असतो. त्यावर त्यांनी भारताचा मोठा नकाशा उतरवून दिला आणि तो स्वयंपाकघरात लावला. शिलाईच्या खडूने नद्या काढल्या. रोज तीन ठिकाणे. अम्मी सातवीपर्यंत शिकलेली. तवा चढवता चढवता ती विचारायची, “दायमाबाद कुठल्या नदीवर?” महिन्याभरात तिला आमच्यापेक्षा जास्त ठिकाणे पाठ झाली.

आणि मग लक्षात आले की त्या नकाशात आपला जिल्हा किती जागा अडवून बसला आहे. संगमनेर तालुक्यातले जोर्वे. एका अख्ख्या ताम्रपाषाण संस्कृतीला त्याचे नाव मिळाले आहे. श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद. तिथे १९७४ साली एका गावकऱ्याला खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. नेवासा, जिथे हसमुख सांकलियांनी उत्खनन केले. तिन्ही गावे प्रवरेच्या काठची. एसटीच्या पाट्यांवर रोज वाचलेली नावे. त्याशिवाय जवळच पैठण, तेर, इनामगाव, देवगिरी. आमच्या टिपांमधली दायमाबादची टीप अशी होती: “प्रवरेकाठी, जि. अहमदनगर. सावळदा, उत्तर हडप्पाकालीन ते जोर्वे काळापर्यंतची वस्ती. काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा यांचा साठा. हडप्पा संस्कृतीचा दख्खनपर्यंतचा विस्तार दाखवणारे महत्त्वाचे स्थळ.” एवढेच. अडीच गुणांना यापेक्षा जास्त लागत नाही.

आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण जुन्या पुस्तकांत जुनेच सापडते. विद्यार्थ्याला दोन्ही ठाऊक हवीत.

वकील नव्हे, साक्षीदार

या अभ्यासात आमच्यासाठी सर्वात अवघड काय होते, ते आता सांगतो. वेळ नाही, पैसा नाही, इंग्रजीही नाही. औरंगजेबावरचे उत्तर.

धाकटीने पहिल्यांदा लिहिलेले उत्तर थोरलीने तपासले आणि लाल पेनने खाली लिहिले, “हे वकीलपत्र आहे.” खरेच तसे होते. जे बरे वाटले ते सगळे त्यात होते, जे बोचले ते एकही नव्हते. मग थोरलीने स्वतः लिहिले. तेही तसेच निघाले, फक्त भाषा सावध. दोघींना कळले की आम्ही ग्रुपवरच्या त्या प्रश्नाला अजून उत्तर देत आहोत. परीक्षकाच्या प्रश्नाला नाही.

तेव्हा पहिल्यापासून वाचले. अकबराने १५६४ मध्ये जिझिया रद्द केला. औरंगजेबाने तो १६७९ मध्ये पुन्हा बसवला, म्हणजे गादीवर आल्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने. नुसता धर्म हेच कारण असते तर एवढी वर्षे का थांबला? जदुनाथ सरकारांनी त्यात धर्मवेड पाहिले. सतीश चंद्रांनी त्या काळातील राजकीय अडचणी आणि उलेमांचा पाठिंबा मिळवण्याची गरज दाखवली. अथर अली यांनी मनसबदारांची मोजणी केली: हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांत हिंदूंचे प्रमाण राजवटीच्या पहिल्या वीस वर्षांत २१.६ टक्के होते, ते १६७९ नंतरच्या काळात ३१.६ टक्क्यांवर गेले. हा आकडा वाचून धाकटी आनंदाने उडाली. थोरलीने पुढचे पान वाचायला लावले. ही वाढ बरीचशी दख्खनच्या लढाईत मराठा सरदारांना आपल्याकडे ओढण्यातून झालेली होती. आणि १६६९ चा मंदिरांबाबतचा हुकूम, १६८९ मध्ये संभाजी महाराजांना हालहाल करून मारणे, हेही त्याच राजवटीत आहे. तेही लिहायचे. लपवायचे नाही, आणि लिहिताना हात आखडायचा नाही.

हे सोपे नसते. आपल्याला सारखे कोणाच्या तरी वतीने जाब द्यावा लागतो, आणि जाब देणारा माणूस हळूहळू वकील होतो. पण न्यायासाठी साक्ष द्यावी, ती स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध जात असली तरी, ही शिकवण आपल्याला सूरह निसामध्ये मिळालेली आहे. आमच्या लहानपणी हाफिजजींनी त्या आयतीचा अर्थ सांगितला होता. तो इतिहासाच्या पेपरात उपयोगी पडेल असे तेव्हा वाटले नव्हते.

आणि ही शिस्त आपल्याला परकीही नाही. अल्-बीरुनीने भारताबद्दल लिहिण्यासाठी संस्कृत शिकून घेतली आणि सुमारे १०३० साली ग्रंथ पूर्ण केला; गझनीच्या महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची झालेली नासाडीही त्याने त्यात लिहून ठेवली. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिताना आधीच्या इतिहासकारांचे सैन्याचे फुगवलेले आकडे धरून दाखवले: एवढे सैन्य एवढ्या जागेत मावेल कसे, हा साधा प्रश्न विचारून. व्हॉट्सअॅपवर आलेला कुठलाही मजकूर, मग तो आपल्या बाजूचा असो की विरुद्ध, वाचताना हा प्रश्न आता आमच्या तोंडी आपोआप येतो.

यानंतर फाळणीवरची, मलिक अंबरवरची, खिलाफत चळवळीवरची उत्तरे लिहिताना हात हलका झाला. मलिक अंबरबद्दल तर अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे: गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, १६१० मध्ये खडकी वसवली, महसुलाची घडी बसवली. अभिमान वाटला तरी हरकत नाही. फक्त आधी पुरावा, नंतर अभिमान.

ईदच्या आदल्या दिवशी

२०२४ ची पूर्वपरीक्षा निवडणुकांमुळे पुढे गेली आणि १६ जूनला आली. १७ जूनला बकरी ईद. धाकटीची शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा नुकतीच संपलेली. घरात ईदची तयारी, आणि आम्ही दोघी पहाटेच्या एसटीत, छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रावर जायला निघालेल्या. रात्री परतलो तेव्हा अम्मीने शीरखुर्म्यासाठी सुकामेवा भिजत घातला होता आणि मेंदी कालवून ठेवली होती. कोणी काही विचारले नाही. नकाशावर फक्त एक ओढणी टाकलेली होती, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

थोरली पूर्वपरीक्षा पास झाली. धाकटी नाही.

याचे कारण आम्ही सांगितलेच पाहिजे, कारण एकट्याने अभ्यास करणाऱ्या अनेकांची हीच चूक होते. धाकटीला इतिहास मनापासून आवडू लागला होता. शेवटच्या तीन महिन्यांतही ती नकाशे आणि उत्तरे लिहित राहिली. पण ऐच्छिक विषयाचे ५०० गुण मुख्य परीक्षेतले. पूर्वपरीक्षेत इतिहासाचे मोजकेच प्रश्न येतात. अर्थशास्त्र, पर्यावरण, राज्यघटना यांच्याकडे तिचे दुर्लक्ष झाले, आणि ‘सीसॅट’चा, म्हणजे आकडेमोड आणि आकलनाचा पेपर फक्त ३३ टक्क्यांचा म्हणून तिने सराव केला नाही. आवडता विषय हा आधार असतो, तसा तो लपायची जागाही होतो. पूर्वपरीक्षेच्या आधीचे तीन-चार महिने ऐच्छिक विषय जवळजवळ बंदच ठेवायला हवा. कोणी आम्हाला हे आधी सांगितले असते तर बरे झाले असते. म्हणून आम्ही सांगत आहोत.

थोरली सप्टेंबरमध्ये मुंबईला गेली, कुर्ल्याला खालाजानकडे राहिली. इतिहासाचे दोन्ही पेपर अखेरच्या दिवशी. एकाच दिवशी सहा तास लिहिणे म्हणजे काय, ते हाताला विचारावे. शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही घरी घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहिले होते, म्हणून पाचही प्रश्न पूर्ण झाले. धाकटी तिच्यासोबत होती. स्वतःच्या निकालानंतर आठच दिवसांनी तिने आपाची पाने लावून द्यायला घेतली होती. त्याबद्दल आम्ही आपसात कधी बोललो नाही.

डिसेंबरमध्ये निकाल लागला. मुलाखतीची यादी होती, तीत नाव नव्हते. नंतर गुणपत्रिका आली तेव्हा दिसले की इतिहासात निम्म्याहून जास्त गुण आहेत; कमी पडले ते निबंधात आणि सामान्य अध्ययनात.

लोक काय म्हणाले

मधल्या काळात दोन स्थळे येऊन गेली. एका घराने विचारले, “हा अभ्यास अजून किती वर्षे?” प्रश्न साधा होता. अब्बांनी साधेच उत्तर दिले, “तिला विचारा.” ते लोक पुन्हा आले नाहीत. अब्बा त्या रात्री जेवताना एवढेच म्हणाले, “चांगले झाले, आधीच विचारले.”

आईवडिलांना आमची एक विनंती आहे. मुलीला क्लास लावता आला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. तिला पहाटेचा दीड तास द्या. त्या दीड तासात तिला चहा करायला उठवू नका. परीक्षेच्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका. “किती झाला?” असे विचारण्यापेक्षा आमच्या अम्मीसारखे “दायमाबाद कुठल्या नदीवर?” असे विचारा. आणि प्रयत्न किती करायचे, कधी थांबायचे, हे आधीच बसून ठरवा. खुल्या गटाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न असतात. ते सगळे वापरलेच पाहिजेत असे नाही. हातात दुसरी पदवी असणे म्हणूनच महत्त्वाचे. धाकटी आज एका औषध कंपनीत कामाला आहे, थोरली एका शाळेत शिकवते. दोन दगडांवर पाय ठेवला म्हणूनच एक निसटला तेव्हा आम्ही पडलो नाही.

ज्यांना घर सोडून राहणे शक्य आहे त्यांनी जामिया मिल्लिया इस्लामियाच्या निवासी अकादमीची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. तिथे अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती आणि मुलींना मोफत मार्गदर्शन आणि निवासाची सोय मिळते.

किल्ल्यातले कैदी

नगरच्या किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे नेते आणून ठेवले होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिले. आणि त्याच इमारतीत मौलाना आझाद पहाटे उठून, स्वतःचा चहा स्वतः करून, न पाठवता येणारी पत्रे लिहित होते. ती पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, तेव्हाही ते इथेच बंदिवान होते. आमच्या घरापासून हा किल्ला दीड मैलावर. पहाटे फजरनंतर पुस्तक उघडताना कधी कधी वाटायचे, याच थंडीत, याच गावात, त्या भल्या माणसानेही दिवा लावला होता. त्यांच्यापुढे कोणतीही परीक्षा नव्हती, कोणी गुण देणार नव्हते.

पुढच्या प्रयत्नाची तयारी चालू आहे, या वेळी धाकटीच्या हातात आधी सीसॅट आहे. गेल्या पावसाळ्यात मोहल्ल्यातल्या सात-आठ मुलींना घेऊन आम्ही डोंगरावर गेलो. सलाबतखान कोण होता ते सांगितले. चाँदबीबी खरेच कुठे लढली ते वरून बोट दाखवून सांगितले. एका छोटीने विचारले, “मग सगळे खोटे का सांगतात?” आम्ही म्हटले, “खोटे सांगत नाहीत. कोणी वाचलेले नाही.”

उतरताना अब्बांनी कबरीपाशी थांबून फातेहा पढली. ठरल्याप्रमाणे.